शिक्षा संपली, मग बंदी कधी संपणार?

ऑक्टोबर २०२३ मध्ये येरवडा मध्यवर्ती कारागृहातल्या कैद्यांच्या संघाने, कैद्यांसाठी होणाऱ्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. ही स्पर्धा फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या पुढाकाराने होते. इंडियन ऑइलच्या 'परिवर्तन' उपक्रमातून या कैद्यांना प्रशिक्षण मिळालं आणि पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे त्यांच्या मागे उभे राहिले. बातम्या आल्या, फोटो आले, कौतुक झालं. आम्हालाही आनंद झाला. पण आनंदासोबत एक प्रश्न पडला. यातला एखादा खेळाडू उद्या सुटून आपल्या तालुक्याच्या गावी आला आणि तिथल्या क्रीडा मंडळात जाऊन म्हणाला की मला खेळू द्या, तर त्याला काय उत्तर मिळेल? तुरुंगाच्या भिंतीआड खेळलास तर 'परिवर्तन', आणि भिंतीबाहेर खेळायला आलास तर 'गुंड'!

शिक्षा झालेल्या खेळाडूला पुन्हा संधी द्यावी का, यावर आपल्याकडे चर्चा होते तेव्हा उदाहरणं परदेशातली असतात. माईक टायसन १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, १९९५ मध्ये सुटला, १९९६ मध्ये पुन्हा जगज्जेता झाला, वगैरे. ही चर्चा चहाच्या टपरीवर बरी. आमचा अनुभव रायगडच्या किनारपट्टीचा आहे आणि इथे खेळ म्हणजे आधी कबड्डी. अलिबाग, पेण, रोहा, मुरुड, कुठेही जा. भातकापणी उरकली की स्पर्धांचे फलक लागतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात, ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पोरं चढाई-पकडीचा सराव करतात. या पोरांना हौस असतेच. पण आगरी-कोळी-कुणबी घरातलं पोर असो की बौद्धवाडीतलं, कबड्डी ही त्याच्यासाठी नोकरीची शिडीही असते. पोलीस, रेल्वे, बँका, कंपन्यांचे संघ यांच्याकडे त्याचं लक्ष असतं. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ज्या घरात शेतीचा तुकडा नाही, होडी नाही, त्या घराला हे ५ टक्के किती मोठे वाटतात हे आम्ही वेगळं सांगायला नको.

आणि ही शिडी एका पोलीस केसने मोडते.

ती सगळ्यांची मोडते का, हे आधी पाहू. नवज्योतसिंग सिद्धू यांचं प्रकरण आठवा. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यावरच्या वादातून मारहाण झाली आणि त्यात ६५ वर्षांचे गुरनाम सिंग मरण पावले. खटला सुरू राहिला आणि सिद्धूंचं क्रिकेटही सुरू राहिलं. ते १९९९ पर्यंत भारताकडून खेळले. त्याच वर्षी खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधात दोषी धरून तीन वर्षांची शिक्षा दिली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ते अमृतसरची लोकसभा पोटनिवडणूक लढून जिंकले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साध्या मारहाणीत दोषी ठरवून १००० रुपये दंड केला. अखेर मे २०२२ मध्ये, घटनेनंतर तेहतीस वर्षांनी, एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एप्रिल २०२३ मध्ये सुटका आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये पुन्हा समालोचन. मधल्या काळात खासदारकी, मंत्रिपद, टीव्हीवरचं खळखळून हसणं, सगळं यथासांग पार पडलं.

सिद्धूंना काम मिळू नये असं आमचं म्हणणं नाही. शिक्षा भोगली, विषय संपला, हे आम्ही त्यांच्यासाठीही मान्य करतो. पण मग हाच न्याय बौद्धवाडीतल्या, कातकरीवाडीतल्या पोराला का नाही? सिद्धूंना दुसरी संधी कुणाकडे मागावी लागली नाही, कारण त्यांची पहिली संधी कुणी काढूनच घेतली नव्हती. ज्याच्याकडे वकील आहे, नाव आहे, पैसा आहे, त्याच्यासाठी खटला म्हणजे तारखा. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्यासाठी एफआयआर हीच शिक्षा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी सांगते की देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांत तीन जणांवर दोष सिद्ध झालेलाच नव्हता. तुरुंगातलं अनुसूचित जातींचं प्रमाण हे लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे, आणि हे वर्षानुवर्षं असंच आहे. आत गेल्यावरही जात सुटत नाही. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातीनिहाय कामवाटपाविरुद्ध याचिका केली, तेव्हा कुठे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झाडूकाम कुणी करायचं आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवर ठरवणारे नियम घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर!

आपल्या चळवळीतल्या तरुणांना हे पुस्तकातून समजावून सांगावं लागत नाही. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला काय झालं आणि नंतरच्या बंदमध्ये किती पोरांवर गुन्हे दाखल झाले, हे प्रत्येक वस्तीला माहीत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांनी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचं सांगितलं. उरलेल्या गुन्ह्यांतल्या पोरांचं काय? भरतीचं वय कुणासाठी थांबत नाही. मैदानी चाचणीत पहिला येणारा पोरगा चारित्र्य पडताळणीच्या एका रकान्यात बाद होतो. दगड त्याने मारला होता की तो नुसता रस्त्याच्या कडेला उभा होता, हे कोर्टात ठरेपर्यंत त्याची तिशी उलटते.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे येणारी अर्धी पोरं या ठिकाणी फसतात. अर्जात गुन्ह्याची माहिती लपवू नका. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की माहिती खरी द्यावीच लागेल. तरुण वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणारा तो सोडून देऊ शकतो, मात्र लपवाछपवी हीच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकते. त्याआधी २०११ मध्ये संदीप कुमार खटल्यात याच न्यायालयाने, तारुण्यातल्या चुकीसाठी एखाद्याला आयुष्यभर गुन्हेगार म्हणून डागू नये अशी भूमिका घेतली होती. पण पुढच्या निकालांचा सूर कडक झाला. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यालाही पोलीस खातं नाकारू शकतं. आणखी एक. पहिलाच आणि लहान गुन्हा असेल, तर शिक्षेच्या वेळी वकिलाला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली अर्ज करायला सांगा. त्या कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली सोडलं तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. त्यामुळे सगळं धुऊन निघतं असं नाही, खात्याला वर्तणूक तपासता येतेच. पण दार उघडं राहतं. हे कलम तालुका कोर्टात किती वकील उच्चारतात? फी घेताना मात्र सगळे मोठ्याने बोलतात.

आता तुलना करा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. त्याची बंदी मोजलेली आहे, तिला शेवट आहे. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे, ठरावीक वर्षांनी बहुतेक शिक्षा 'संपलेली' मानली जाते आणि नोकरी मागताना ती सांगावी लागत नाही. आपल्याकडे बालगुन्हेगारांसाठी अशी तरतूद आहे, प्रौढासाठी सर्वसाधारण कायदा नाही. म्हणजे देशाचे कायदे करणाऱ्या माणसाच्या कलंकाला मुदत आणि शिपाई होऊ पाहणाऱ्या कबड्डीपटूच्या कलंकाला मुदत नाही! मुंबईच्या अंकित चव्हाणचं उदाहरण घ्या. २०१३ च्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात अटक झाली, २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने आरोपमुक्त केलं, तरी क्रिकेट मंडळाची बंदी उठायला २०२१ उजाडलं. मंडळाचे नियम वेगळे, कोर्टाचे वेगळे, हे आम्हाला कळतं. पण फिरकी गोलंदाजाच्या उमेदीची आठ वर्षं गेली ती गेलीच.

इथपर्यंत आपण सगळे एकमताने माना डोलावतो. खरी परीक्षा पुढे आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीव्हन व्हॅन डे व्हेल्दे नावाचा डच खेळाडू बीच व्हॉलीबॉल खेळला. २०१६ मध्ये तो बारा वर्षांच्या इंग्रज मुलीवरच्या बलात्कारात दोषी ठरला होता. चार वर्षांची शिक्षा झाली, प्रत्यक्षात साधारण वर्षभर तो तुरुंगात होता. प्रेक्षकांनी हुर्यो केली. त्याच्या देशाच्या क्रीडा संघटनेने सांगितलं की त्याने शिक्षा भोगली आहे आणि तो बदलला आहे. आता सांगा, आपण वर जे वाक्य सिद्धूंसाठी आणि आपल्या पोरांसाठी वापरलं, 'शिक्षा भोगली, विषय संपला', ते इथे वापरायला जीभ रेटते का?

आणखी जवळ येऊ. समजा अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याखाली शिक्षा भोगून आलेला एखादा सवर्ण पैलवान उद्या आखाड्यात परतला, तर आपण काय म्हणणार? खैरलांजी आणि खर्डा ज्यांच्या काळजात रुतून बसलं आहे, त्यांनी याचं उत्तर आधी द्यावं आणि मग आपल्या पोरांसाठी दुसरी संधी मागावी. आपल्यातल्याला दया आणि त्यांच्यातल्याला जन्मठेप, ही मागणी आम्ही करू शकत नाही. ती मनूची रीत आहे. गुन्हा तोच पण जात पाहून दंड कमी-जास्त, ही रीत ज्या ग्रंथात होती तो बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला, याच जिल्ह्यात, जाळला गेला.

आमचं उत्तर असं आहे. शिक्षा पूर्ण झाली की खेळण्याचा हक्क परत मिळाला पाहिजे, त्यांना आणि आपल्यालाही. पण खेळणं वेगळं, खेळाडू म्हणून मिरवणं वेगळं, आणि खेळातला अधिकार आणखी वेगळा. मैदानात उतरणं हा माणसाचा हक्क आहे. हार, फेटा, फ्लेक्सवरचा फोटो, कर्णधारपद हा हक्क नव्हे, तो समाज देतो आणि समाजाने तो राखून ठेवायला हरकत नाही. आणि लहान मुलांवर किंवा बायकांवर अत्याचार केलेल्या माणसाच्या हातात प्रशिक्षणाची शिट्टी कधीच द्यायची नाही, तिथे दुसऱ्या संधीचा प्रश्नच येत नाही. देशाचा झेंडा छातीवर लावणं हा तर सन्मानच आहे, त्यामुळे डच संघटनेचा निर्णय आम्हाला पटत नाही. तो माणूस त्याच्या गावच्या किनाऱ्यावर जन्मभर खेळला असता तरी आमची तक्रार नव्हती.

काही मित्र म्हणतील, आपण तर बुद्धाची लेकरं, आपण अंगुलिमालाला विसरलो का? विसरलो नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेसाठी वेगळा भाग ठेवला, त्यात अंगुलिमाल आहे. पण आपण व्याख्यानात ही कथा अर्धीच सांगतो. डाकू शरण आला, भिक्खू झाला, साधू साधू साधू! मज्झिम निकायातल्या सुत्तात पुढे काय आहे? तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांची ढेकळं, काठ्या, दगड त्याच्या अंगावर पडतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो तथागतांकडे येतो. तथागत त्याला सहन करायला सांगतात. ज्यांची माणसं मारली गेली त्यांनी याला माफ करावं, असा आदेश ते श्रावस्तीला देत नाहीत. आणि विनयपिटकातल्या महावग्गात असंही आहे की अंगुलिमालाला भिक्खूंमध्ये पाहून लोक घाबरले, चिडले, तेव्हा अशा कुप्रसिद्ध चोराला यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. एका माणसासाठी दार उघडलं, त्याला बाहेर काढलं नाही, आणि लोकांची भीतीही खोटी मानली नाही. आम्हाला यात विरोधाभास दिसत नाही. संघ चालवणाऱ्याला दोन्हीकडे पाहावं लागतं.

हे सगळं आम्ही हवेत बोलत नाही. आमच्या कामाच्या पट्ट्यातल्या एका बौद्धवाडीच्या मंडळापुढे हा प्रश्न यंदा जयंतीच्या स्पर्धेआधी आला. सहा वर्षांपूर्वी एका सामन्यात गुणावरून वाद झाला, सामना संपल्यावर मंडपाचा बांबू उपसला गेला, आणि शेजारच्या वाडीतल्या एका खेळाडूचा डावा हात कोपरात मोडला. मारणारा आपलाच, मार खाणाराही आपलाच. दोन्ही घरांत बाबासाहेबांचा तोच फोटो. मारणाऱ्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो आला आणि बंदरावर बर्फ फोडायच्या कामाला लागला. चढाई अजून तशीच, विजेसारखी. दुसरा डाव्या कोपऱ्यात उभा राहून भल्याभल्यांचे घोटे पकडायचा. त्याचा हात आता सरळ होत नाही. तो पर्यटकांच्या कॉटेजवर चादरी बदलतो.

विहारात बैठक झाली, आम्हालाही बोलावलं होतं. तरुण पोरांचं म्हणणं होतं की खेळवायचं, शिक्षा भोगली आहे. दोन-तीन ज्येष्ठ म्हणाले, मंडळाचं नाव खराब होईल, गावातले टपलेलेच आहेत, 'त्यांच्या वाडीतले असेच' म्हणायला त्यांना निमित्त हवं असतं. हा मुद्दा आम्हाला अजिबात मान्य नव्हता आणि तसं आम्ही बोललो. पालवणकर बाळूने कुठला गुन्हा केला होता? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही आणि तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा घ्यावा लागला. (पुढे १९३७ मध्ये तो काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला, पण तो विषय वेगळा.) नाव ठेवणाऱ्यांना आपल्या गुन्ह्याची गरज कधीच नव्हती. त्यांच्या भीतीने आपण आपला माणूस बाहेर ठेवायचा का?

मग जखमी मुलाची आई उठली. तोवर तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. ती म्हणाली, "त्याला दुसरी संधी देताय, द्या बाबांनो. माझ्या पोराला पहिली कुठे मिळाली?"

विहारात बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या संधीच्या सगळ्या चर्चांमधलं भोक हेच आहे. कोर्टाने दंड लावला, त्यातली थोडी रक्कम भरपाई म्हणून दिली, ती उपचाराच्या पहिल्या महिन्यात संपली. राज्याने गुन्हेगाराला दोन वर्षं खाऊ घातलं आणि जखमीला विचारलंही नाही. गुन्हेगाराचं पुनर्वसन हा शब्द समाजशास्त्राच्या पुस्तकांत आम्हीही वाचला आहे. जखमीच्या पुनर्वसनावरचं प्रकरण त्या पुस्तकांत फार पातळ असतं. जो समाज एकाला परत घेताना दुसऱ्याकडे पाहत नाही, तो क्षमा करत नसतो, सोय बघत असतो. संघाला चढाईपटू हवा असतो, एवढंच.

त्या रात्री मंडळाने ठरवलं ते असं. तो खेळेल. कर्णधार होणार नाही, बक्षीस समारंभात त्याच्या गळ्यात हार पडणार नाही. त्याच्या वैयक्तिक बक्षिसाची रक्कम, मिळालीच तर, यंदा आणि पुढची दोन वर्षं त्या दुसऱ्या घरी जाईल. ही अट त्याने स्वतः उठून कबूल केली. आणि मंडळ त्या जखमी मुलाच्या पंच परीक्षेची फी भरेल. खेळ त्याला डोळे मिटून कळतो, शिट्टी वाजवायला कोपर सरळ व्हावं लागत नाही.

निरोप घेऊन आम्हीच त्याच्याकडे गेलो. कॉटेजच्या मागच्या अंगणात तो चादरी वाळत घालत होता, उजव्या हाताने दोरीवर टाकायचा आणि डाव्याने फक्त टोक धरायचा. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "खेळू दे त्याला. पण मला बघायला बोलावू नका." परीक्षेचा अर्ज त्याने घडी घालून खिशात ठेवला. भरून अजून दिलेला नाही.